केसाहून पातळ काँक्रीट

काँक्रीट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी अवजड येतं. पूल, धरण, निदान डोक्यावरचा स्लॅब. मावशींच्या डोळ्यांपुढे यायची ती बोटभर लांबीची काच, आणि तिच्यावर चिकटवलेला काँक्रीटचा काप, इतका पातळ की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर बातमी वाचता यावी. डोक्यावरचा एक केस घ्या आणि त्याची जाडी निम्मी करा, तेवढा. बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या एका लॅबच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून मावशी सव्वीस वर्षं असले काप घासत आल्या होत्या. या सव्वीस वर्षांत आपल्या हातून एकही काच खोटी गेली नाही, असं त्या सांगायच्या. कोणी विचारलं नाही तरी सांगायच्या. नम्रपणाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं, पण कामाच्या बाबतीत त्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

लॅबमध्ये त्या आल्या होत्या झाडलोट करायला. शिक्षण आठवीपर्यंत. त्या वेळी काचा घासणारा एक म्हातारा होता, तिरसट, आणि त्याचे हात कापायला लागले होते. मावशींनी एकदा टेबल पुसताना त्याच्या दहा काचा उचलून परत ठेवल्या, आणि ठेवताना जाडसर एका बाजूला, पातळ दुसऱ्या बाजूला अशा लावून ठेवल्या. म्हाताऱ्यानं पाहिलं. "हे तुला कसं कळलं?" म्हणाला. "उजेडाला धरल्या," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला.

त्यानं शिकवलं ते असं. काचेच्या पाटीवर बारीक पावडर घ्यायची, तेलाचे चार थेंब टाकायचे, आणि तीन बोटांच्या टोकांनी काप गोल गोल फिरवायचा. जोर दिला की काप फुटला, कंटाळा केला की जाड राहिला. जाडी सांगायची वाळूच्या कणानं. सूक्ष्मदर्शकाखाली कण पिवळा दिसला तर अजून घासायचं, राखाडी-पांढरा झाला की त्या क्षणी हात उचलायचा. आणि पाण्याला जवळ फिरकू द्यायचं नाही. सगळं तेलावर. कारण काँक्रीटमध्ये पाणी न प्यायलेले सिमेंटचे दाणे असतात, आणि त्यांना पाणी दाखवलं की ते जागे होतात.

सिमेंट वाळून घट्ट होतं असं शंभरातले नव्व्याण्णव लोक समजतात. त्यात मावशींचे यजमानही होते, आणि ते तर गवंडी! या एका मुद्द्यावर त्या घरात पंचवीस वर्षं वाद चालला होता. "सिमेंट वाळत नाही हो," मावशी म्हणायच्या. "सिमेंट पाणी पितं, आणि प्यायलेलं पाणी दगडात बांधून टाकतं. वाळलं असतं तर पाण्याखाली कसं घट्ट झालं असतं?" यजमान म्हणायचे, "बरं बाई, पितं तर पितं. मी बांधतो आणि तू कापतेस, तुलाच जास्त कळणार."

मावशींना सिमेंटचा दाणा म्हणजे चौघांचं बिऱ्हाड वाटायचं. पहिला कोनाकोनांचा, बहुतेक षटकोनी. हा कामसू. पाणी लागलं की महिनाभरात बरंचसं काम उरकून मोकळा. दुसरा गोटीसारखा गोल, अंगावर रेघा. हा आळशी पण चिवट, वर्षानुवर्षं थोडं थोडं करत राहणारा. तिसरा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याला आवरायला दळतानाच जिप्सम घालावं लागतं, नाहीतर घमेल्यातच सगळ्याचा दगड व्हायचा. चौथा काळपट, तिघांच्या फटीत अंग चोरून बसलेला. सिमेंटला राखाडी रंग देतो तो हाच, बाकी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि असा एकजण कुठल्या घरात नसतो?

हे चौघं पाणी प्यायले की त्यातून एक लगदा तयार होतो. वाळू-खडीला धरून ठेवणारा खरा तोच, पण त्याला धड आकार नसतो. सूक्ष्मदर्शकात प्रकाश गाळणाऱ्या दोन काचा आडव्या-उभ्या लावून पाहिलं तर तो नुसता काळोख दिसतो. त्या काळोखात झगमगतो तो सोबत तयार झालेला चुना, पातळ पत्र्यांसारखा, निळा, गुलाबी, पिवळा. आणि उतावळ्याच्या नि जिप्समच्या झटापटीतून निघतात त्या सुया. धरतो एक आणि चमकतो दुसराच, असं मावशी म्हणायच्या आणि म्हणताना लॅबच्या पुढच्या खोल्यांकडे बघायच्या.

पुढच्या खोलीत डॉक्टरबाई बसायच्या. या औषधाच्या नव्हेत, सिमेंटच्या. प्रबंध लिहून डॉक्टर झालेल्या, लॅबच्या प्रमुख. मावशींपेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, कडक, आणि सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचणाऱ्या. काच मावशी करायच्या, काचेत काय दिसतं ते बाई लिहायच्या.

तर एका वर्षी लॅबकडे पाण्याच्या टाकीचं काम आलं. गावाच्या वरच्या वस्त्यांना पाणी देणारी, आठ पायांवर उभी असलेली उंच टाकी. वय पस्तीस. पायांवर बारीक भेगा दिसायला लागल्या होत्या, भेगांतून पांढरे ओघळ आले होते, आणि नगरपालिकेला घाम फुटला होता. पायात भोक पाडून मनगटाएवढा जाड दंडगोल काढला आणि लॅबकडे पाठवला. टाकी ठेवायची की पाडायची, हे लॅबनं सांगायचं होतं. पाडायची तर वरच्या वस्त्यांना दोन वर्षं टँकरच्या पाण्यावर काढावी लागणार होती.

ही टाकी मावशींच्या घरात नात्यातल्या माणसासारखी होती. यजमान एकविसाव्या वर्षी तिच्या कामावर लागले होते. गवंडी नंतर झाले, तेव्हा ते पाणीवाले होते. मिक्सरमध्ये दर घाणीला, म्हणजे एका वेळच्या मालाला, मापाचे किती डबे पाणी ओतायचं, एवढंच त्यांचं काम. पण टाकीवरून जाताना ते थांबायचे, मान वर करायचे, आणि सोबत कोण असेल त्याला हे सांगायचे. सोबत कोणी नसेल तर मावशींना फोन करून सांगायचे.

मावशींनी काच केली. बाईंनी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. लगद्यातून सगळीकडे बारीक भेगा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, पायाच्या अगदी आतल्या भागापर्यंत. बाईंनी अहवालाचा मसुदा लिहिला. काँक्रीट आतपर्यंत तडकलेलं आहे, टाकी पाडावी. आठ दिवसांनी नगरपालिकेची बैठक होती.

मावशींनी घरी चकार शब्द काढला नाही. लॅबचं घरी सांगायचं नाही हा नियम, आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? यजमान जेवताना नेहमीसारखे बडबडत होते आणि त्या ताटात बघत होत्या. दुःख तर होतंच, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी टोचत होतं. आतल्या त्या भेगा फार स्वच्छ होत्या. गळक्या टाकीतली जुनी भेग रिकामी राहत नाही. तिच्यातून पाणी झिरपतं, पाण्याबरोबर चुना येतो, भेगेच्या काठांवर स्फटिक धरतात, सुया उगवतात. या भेगांच्या काठांवर काही म्हणता काही उगवलं नव्हतं. कालच पडल्यासारख्या कोऱ्या.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाचा तुकडा सुकवायला त्या ओव्हनपाशी गेल्या. दार उघडलं तर तोंडावर झळ आली. काटा एकशे पाच अंशांवर होता.

मावशींचं काम चाळीसावर चालायचं. काँक्रीटचा तुकडा त्याहून तापवला की लगद्यात बांधलेलं पाणी सुटायला लागतं, लगदा आकसतो आणि तडकतो. एकशे पाच लागायचं ते वाळूवाल्याला, म्हणजे लॅबमध्ये वाळू तपासणाऱ्याला, तिच्यातली ओल काढायला. त्याचा ओव्हन बिघडला म्हणून दोन आठवडे तो इथे येत होता, आणि प्रत्येक वेळी वहीत लिहीत होता. मावशींनी वही उघडली. टाकीचा तुकडा ज्या दिवशी ठेवला त्या दिवशीचं पान काढलं. वरच्या ओळीत वाळूवाल्याचं अक्षर: एकशे पाच. खालच्या ओळीत त्यांचं स्वतःचं: चाळीस.

त्या स्टुलावर बसल्या. काट्याकडे न बघता लिहिलेला चाळीस. सव्वीस वर्षं काटा चाळीसावरच असायचा, म्हणून डोळ्यांनी बघायचंच सोडून दिलं होतं, हातानं आपोआप लिहिलं होतं. त्या दिवशी वाळू काढून दार उघडंच राहिलं होतं म्हणून झळ जाणवली नव्हती, आणि तुकडा बाहेर काढला तो ओव्हन बंद होऊन गार झाल्यावर. टाकी तडकलेली नव्हती. निदान आतून तरी नव्हती. तडकवली होती त्यांनी.

गप्प राहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. टाकी पाडली गेली असती, दोन वर्षांनी नवी झाली असती. बोललं तर सव्वीस वर्षांचं ते एक वाक्य कायमचं गेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे बोलून विश्वास कोण ठेवणार? नवऱ्याची टाकी वाचवायला बाई स्वतःच्या माथी खोटी चूक मारून घेतेय, असंच म्हणणार सगळे. मावशी पाच मिनिटं बसल्या असतील. मग वही काखेत मारून पुढच्या खोलीत गेल्या.

"बाई, ती काच खोटी आहे."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "कुठली?"

"टाकीची. मी भाजली तिला. एकशे पाचावर." आणि वही टेबलावर उघडून ठेवली.

बाईंनी दोन्ही ओळी वाचल्या, सवयीप्रमाणे दोनदा. "मावशी," त्या म्हणाल्या, "तुमचे यजमान त्या टाकीवर होते ना?" हे यजमानांनीच एकदा डबा द्यायला आले असताना त्यांना सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं कोणाला?

"होते."

"मग आता लोक काय म्हणतील, कळतंय ना तुम्हाला?"

"कळायला काय झालं? तुमच्याही मनात तेच आलंय." मावशींचा आवाज थोडा चढलाच. "म्हणून तर दुसरी काच मी करणार नाही. त्या तुकड्याला हातसुद्धा लावणार नाही."

"तुकडा उरलाय?"

"अर्धं कापायचं, अर्धं झाकायचं. माझ्या म्हाताऱ्यानं शिकवलंय. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फळीवर आहे."

"आणि काच कोण करणार? दुसरं कोणाला येतं इथे?"

"तुम्ही करायची."

बाईंना हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं, कारण मावशी हसत नव्हत्या. चौदा वर्षं बाई काचा बघत होत्या. हजारो पाहिल्या असतील. घासली एकही नव्हती.

मग चार दिवस लॅबनं जे पाहिलं ते परत कोणाला बघायला मिळायचं नाही. लॅबच्या प्रमुख बाई बोटांतल्या अंगठ्या काढून, बाह्या सारून मागच्या खोलीत टेबलाशी बसल्या होत्या, आणि मावशी हात पाठीमागे बांधून शेजारी उभ्या होत्या. स्वतःचं मनगट त्यांनी स्वतःच गच्च धरलं होतं. सुकवणं चाळीसावर. बाईंनी वेगळा थर्मामीटर आत ठेवला, तासातासाला आकडा लिहिला, खाली दोघींनी सह्या केल्या. मग तुकड्यातली हवा ओढून घेऊन चकाकणाऱ्या पिवळ्या रंगाचं रेझिन, म्हणजे पातळ डिंकासारखं द्रव्य, आत मुरवलं, म्हणजे जी भेग खरी असेल ती पिवळी उठून दिसेल. आणि मग घासणं.

"जोर नको, जोर नको! कणीक तिंबताय का?"

"अहो, हळूच तर करतेय."

"हे हळू? मग तुमचं जोरात म्हणजे काय असेल, देव जाणे. मनगट मोकळं सोडा. बोटांनी ऐका."

"बोटांनी काय ऐकायचं?"

"जाड असतो तोवर करकर लागते. पातळ झाला की रेशमासारखं लागतं. पुस्तकात नसेल हे."

पहिली काच फुटली. दुसरीत बाईंना घासण्याची गोडी लागली आणि त्या थांबल्याच नाहीत. वाळूचा कण राखाडीवरून काळा झाला, काळ्यावरून दिसेनासा झाला, आणि बघता बघता काचेवर फक्त काच उरली. मावशींनी डोळे मिटून घेतले. एका हिसक्यात ती काच बाईंच्या हातातून घ्यावी, दोन तासांत काम उरकून द्यावं, असं त्यांना शंभरदा वाटलं. पण मनगट सोडलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिसऱ्या काचेवर वाळूचा कण पिवळ्यातून राखाडी-पांढरा झाला, आणि मावशी ओरडल्या, "हात वर!" बाईंनी दोन्ही हात असे वर केले जणू कोणी पिस्तूल रोखलंय.

बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. अर्धा तास. मग उठल्या आणि खुर्ची मावशींकडे सरकवली.

बाहेरच्या बाजूनं बोटभर जाडीपर्यंत भेगा होत्या, खऱ्याखुऱ्या, पिवळ्याजर्द. तिथला चुना पाण्यानं धुऊन नेला होता आणि पोकळ्यांत सुया दाटल्या होत्या. त्याच्या आत मात्र काँक्रीट घट्ट होतं. पिवळ्याला शिरायला जागाच नव्हती. दाट काळा लगदा, त्यात चुन्याचे रंगीत पत्रे, आणि जागोजागी त्या रेघांच्या गोट्या, पस्तीस वर्षं झाली तरी अजून पाणी न प्यायलेल्या.

बैठकीत डॉक्टरबाईंनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिली काच तापवण्यात बिघडली, चूक आमच्या लॅबची. टाकी पाडायची गरज नाही. गळती बंद करा, पायांचं बोटभर साल काढून नवं चढवा. कोणीतरी विचारलंच, काच करणाऱ्या बाईंचा नवरा त्या टाकीवर होता म्हणे? "होता," बाई म्हणाल्या. "म्हणून त्यांनी दुसऱ्या काचेला हात लावला नाही. ती काच मी केली आहे. विश्वास नसेल तर चतकोर तुकडा अजून झाकलेला आहे, हवा त्या लॅबला पाठवा." पाठवला. महिन्याभरानं तिकडूनही तेच उत्तर आलं. तोवर बाई स्वतः केलेली ती काच पर्समध्ये घालून फिरत होत्या आणि भेटेल त्याला दाखवत होत्या.

बैठक झाली त्या संध्याकाळी मावशींनी घरी सगळं सांगितलं. यजमान आधी भडकले. "इतके दिवस माझी टाकी पाडायला निघाली होती आणि तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस?" मग चूक कशी झाली ते ऐकलं आणि एकदम शांत झाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना लॅबमध्ये बोलावून घेतलं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते आले. मावशींनी त्यांना स्टुलावर बसवलं, बाईंनी केलेली काच लावली, डोळा कुठे ठेवायचा ते दाखवलं.

"अगं, हे रंग कोणी भरले?"

"तुम्ही लोकांनी. हा चुना. आणि त्या गोल रेघांच्या गोट्या दिसतात का? ते न प्यायलेलं सिमेंट. पाणी बेतानं घातलं की असे दाणे मागे राहतात, आणि मधला लगदा असा दाट होतो. पाणी ढिलं सोडलं असतं तर सगळीकडे भोकं दिसली असती."

यजमान डोळा न काढता म्हणाले, "मुकादम रोज ओरडायचा. दोन डबे जास्त ओत, माल लवकर पसरेल, लवकर घरी जाऊ. मी नाही ओतले. एकदा त्यानं थोबाडीत मारली, तरी नाही ओतले." मग त्यांनी विचारलं, "हे दिसतं त्यात?"

"दिसतं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी डोळा काढला तेव्हा तो पुसावा लागला. मावशींना त्या दिवशी नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की घरी जाताना रस्त्यात त्यांनी त्याचा हात धरला, आणि या वयात कोण बघेल याची पर्वा केली नाही.

राहिली ती पहिली काच. बाई ती कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या. "कशाला ठेवायची? तुमच्या नावाला उगाच डाग." मावशींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, डबीत ठेवली आणि डबीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: "एकशे पाचावर भाजलेली. भेगा टाकीच्या नाहीत. चूक माझी, काटा न बघता चाळीस लिहिले."

आता त्या लॅबमध्ये नवा माणूस लागला की मावशी त्याला आधी ओव्हन दाखवत नाहीत की पावडर दाखवत नाहीत. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली लावतात आणि विचारतात, भेगा खऱ्या की खोट्या? बहुतेकजण खऱ्या म्हणतात. मग त्या भेगांचे कोरे काठ दाखवतात, चिठ्ठी वाचायला देतात. हमखास कोणीतरी चाचरत विचारतं, "ही कोणी केली होती?"

"मी," मावशी म्हणतात, आणि दुसरे लोक पोरांचा पहिला नंबर सांगतात त्या आवाजात म्हणतात.